पाचव्या घरचं कापड

सिंधुबाईनं पदर पसरला आणि तोंड दुसरीकडे फिरवलं. समोरच्या दारात उभ्या असलेल्या हेमांगीनं घरातून आणलेलं फडकं दोन बोटांत धरून त्या पदरात टाकलं. नवऱ्याचं जुनं बनियन होतं. काखेपाशी पिवळं पडून कडक झालेलं, आणि वास असा की सिंधुबाईला तोंड फिरवूनही तो लागायचा तो लागलाच.

"धुयेल नही शे, काकी," हेमांगी जरा ओशाळून म्हणाली. "तुम्हीच सांगेल व्हतं ना, धुयेल नको म्हनीसन."

"बरं करं," सिंधुबाई म्हणाली. तेवढ्या दोन शब्दांपुरतंच तिनं तोंड उघडलं, पुन्हा श्वास घेऊन बंद केलं आणि पदराची दोन्ही टोकं हाताशी धरून पायऱ्या उतरली.

सिंधुबाईची किळस सगळ्या गावाला ठाऊक होती. लग्नाच्या पंगतीला जाताना ही बाई स्वतःचा तांब्या घेऊन जायची. शहाद्याला जायला एसटीत बसली की आधी सीटवर फडकं अंथरायची आणि घरी आली की ते फडकं अंगणातच टाकायची, आत नाही. कुणाच्या उष्ट्या कपाला चुकून हात लागला तर दिवसभर तो हात अंगापासून लांब धरून हिंडायची. तिचा नवरा शांतीलाल म्हणायचा, देवानं हिला माणसांत जन्माला घातलं तीच मोठी चूक झाली. तो हे तिच्यासमोर म्हणायचा आणि तिला त्यात काही वावगं वाटत नसे. माणसं घाण असतात हे तिचं मत होतं आणि ते बदलावं असं कुणी तिला आजवर भेटलं नव्हतं.

तर अशी बाई भरदुपारी गल्लीत दारोदार चिंध्या मागत फिरत होती, ती नातीपायी.

तिच्या मुलाच्या, मिथुनच्या बायकोला, कामिनीला, आधी दोन झाली. राहिलं एकही नाही. पहिलं सातव्या महिन्यातच गेलं. दुसरं घरी आलं, पाळण्यात निजलं, सगळ्यांनी मांडीवर घेतलं आणि मग एका सकाळी उठलंच नाही. त्याच्यासाठी सिंधुबाईनं सुरतेहून मखमल मागवून स्वतःच्या हातानं झबलं शिवलं होतं. तिच्या हातात कसब होतं. गल्लीतल्या निम्म्या पोरांची कुंच्या-टोपडी तिनंच शिवलेली. त्या मखमली झबल्याला तिनं जरीची किनार लावली होती. रनाळ्याची थोरली बहीण तेव्हाच बोलली होती, एवढं मिरवू नको बाई, नजर असते. ते झबलं पुढे कुठे गेलं हे घरात कुणी विचारलं नाही.

आता तिसऱ्या खेपेला मुलगी झाली होती. शहाद्याच्या दवाखान्यातून घरी आणली त्याच रात्री बहिणीचा फोन आला.

"यावेळी शहाणपना नको," ती म्हणाली. "चिंध्यास्नं झबलं शिव. मांगी आनेल पोरले कोनी लई जात नही."

मग तिनं सगळी रीत सांगितली. पाच घरी मागायचं. हातात घ्यायचं नाही, पिशवीत घ्यायचं नाही, पदर पसरून घ्यायचं. वापरलेलं, माणसाच्या अंगाला लागलेलं हवं, आणि धुवायचं नाही. देतील त्याला नाही म्हणायचं नाही. आपल्या घरचं सूत त्यात येऊ द्यायचं नाही, कारण आपलंच आपल्याला घातलं तर ते मागितलेलं कसलं? आणि पाचवं घर असं बघायचं की ज्या घरचा पाळणा कधी रिकामा झाला नाही. छठीला, सहाव्या दिवशी, तेच बाळाच्या अंगात घालायचं, त्याआधी शिवलेलं काही घालायचं नाही.

सिंधुबाईनं सगळं ऐकून घेतलं, फोन ठेवला आणि मोरीत जाऊन हात धुतले. फोनवर ऐकूनच तिला हात धुवावेसे वाटले होते.

चार घरं झाली. एका घरून म्हातारीच्या लुगड्याचा तुकडा मिळाला, त्याला तंबाखूचा वास. एका घरी परकराचा नेफा दिला, नाडीसकट. तिसरीकडे उशीचा अभ्रा, डोक्याच्या तेलानं काळा झालेला. तो घेताना सिंधुबाईच्या अंगावर काटा आला आणि देणारी म्हणाली, काकी, थंडी वाजते का? चौथं हे हेमांगीचं बनियन. पाचवं घर मात्र सापडेना. वरून पाहावं तर घरोघरी पोरं खेळताहेत. दारात जाऊन विचारलं की बायका आवाज खाली आणून म्हणायच्या, व्हतं एक, तुमना मिथुनना आगोदरनं, नही ऱ्हायनं. कुणी म्हणायची, मोठीच्या पाठीवर एक होतं. ज्या बायकांकडे सिंधुबाई वर्षानुवर्षं जात-येत होती, त्यांच्याही घरचं हे तिला ठाऊक नव्हतं. त्या सांगत, ती मान हलवी आणि पदर आवरून पुढच्या दाराकडे वळे.

घरी येऊन तिनं ओसरीवर वर्तमानपत्र पसरलं आणि त्यावर चारही चिंध्या टाकल्या. कात्रीनं बेतून कापल्या. पाठ झाली, दोन बाह्या झाल्या, उजव्या अंगाचा पुढा झाला. डाव्या अंगाचा राहिला. झबलं असं डावीकडून उघडं पडलेलं वर्तमानपत्रावर दिसत होतं.

कामिनी बाळाला खांद्यावर घेऊन दारात उभी राहिली. ती नाशिकला वाढलेली. बाळासाठी तिनं मोबाइलवरून मागवलेले कपडे कपाटात पडून होते, पिशवीसुद्धा फोडलेली नव्हती.

"आई, हे खरंच घालायचं हिच्या अंगात?"

"हाव."

"निदान गरम पाण्यातून काढू. डेटॉल टाकून."

"धवानं नही."

"मला मळमळतंय बघूनच."

सिंधुबाईला म्हणावंसं वाटलं, तुला नुसतं बघूनच, मला तर शिवायचंय. पण सासूनं सुनेपुढे असं काही कबूल करायचं नसतं. तिनं परकराच्या नेफ्यातून उसवलेला दोरा सुईत ओवला आणि बाहीची टीप घालायला घेतली. मशीन चालणार नव्हतं, हातानंच शिवायचं होतं. प्रत्येक टाक्याला ते तेलकट कापड बोटांना चिकटत होतं.

कामिनी गेली नाही. बाळाला थोपटत तिथेच उभी राहिली. मग हळूच म्हणाली, "उद्या छठी आहे."

"माहीत शे."

"शेतावरच्या रूपलीबाईची सहाही आहेत ना?"

सिंधुबाईनं ऐकलं नाही असं केलं. कामिनीनं पुन्हा विचारलं नाही. पण ती हललीही नाही, आणि तिच्या उभं राहण्यातून सिंधुबाईला कळलं की हिला मळमळतंय, पटत नाही, डेटॉल हवंय, आणि तरी हिलाही हे झबलं पुरं झालेलं हवंय. आधीच्या दोघांच्या वेळी हिनं सगळं डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे केलं होतं.

रूपलीबाईचं नाव सिंधुबाईला सुचलं नव्हतं असं नाही. फोन ठेवल्याठेवल्याच सुचलं होतं आणि जिभेवर बसलेली माशी थुंकावी तसं तिनं ते थुंकून टाकलं होतं. जामसिंग त्यांचा सालदार, वर्षाच्या बोलीनं शेतावर राबणारा, धडगावकडच्या डोंगरातला. केळीच्या बागेच्या बांधाला त्याची खोपी. रूपलीबाई त्याची बायको. सहा पोरं झाली, सहाही जगली. थोरली लग्न होऊन सासरी गेली, धाकटी अजून झोळीत. रूपलीबाई वाड्यावर कामाला आली की मागच्या दारी बसायची. तिथं खिळ्याला एक कान तुटलेला कप टांगलेला असे. तो तिचा. ती प्यायची, तीच विसळायची, तीच टांगायची. सिंधुबाईनं त्या कपाला आयुष्यात हात लावला नव्हता. आणि आता तिच्या दारी जाऊन पदर पसरायचा. छी, असं ती ओसरीवर एकटीच मोठ्यानं म्हणाली, आणि चप्पल पायात घातली.

बागेतून जाताना तिनं साडी गुडघ्यापर्यंत उचलून धरली होती. घड कापून नेलेल्या केळींचे खुंट सडायला लागले होते, त्याचा आंबूस वास येत होता. खोपीपुढं कोंबड्या उकिरडा उकरत होत्या. रूपलीबाई उंबऱ्यात बसून मधल्या पोरीच्या डोक्यातल्या उवा काढत होती. एक सापडली की ती दोन अंगठ्यांच्या नखांत धरायची आणि चिरडायची. तो बारीक आवाज सिंधुबाईला दहा पावलांवरून ऐकू आला आणि ती तिथेच थांबली.

"काय वं माय, आते उन्हामा?" रूपलीबाई म्हणाली. ती सगळ्यांनाच अरेतुरे करायची. तिच्या डोंगरातल्या बोलीत दुसरी रीतच नव्हती. "जामसिंग पानी दी ऱ्हायना बागमा. हाक मारू?"

"तेनाकडे नही. तुन्हाकडेच काम शे."

रूपलीबाईनं पोरीच्या डोक्यावर टपली मारून तिला उठवलं. अंगठे लुगड्याला पुसले. बस म्हणाली नाही की पाणी घेतेस का असं विचारलं नाही. ही बाई आपल्याकडचं पाणी पीत नाही हे तिला इतक्या वर्षांत पाठ झालं होतं, मग उगाच विचारून तिला अवघडात कशाला टाका. सिंधुबाईला येताना सगळ्यात मोठी धास्ती पाण्याचीच होती. ती टळली, आणि तरी तिला बरं वाटलं नाही.

तिनं खांद्यावरचा पदर काढला आणि दोन्ही हातांनी पुढे पसरला.

रूपलीबाईला काही कळेना. ती त्या रिकाम्या पदराकडे पाहत राहिली. दिवाळीला, होळीला हिच्या मागच्या दारात पदर ती पसरायची. सिंधुबाई पायरीवरून वरच्यावर टाकायची, बोट बोटाला लागू नये एवढ्या अंतरावरून.

"मांगाले वनू," सिंधुबाई म्हणाली. "नातले. झबलं शिवी ऱ्हायनू. तुन्ही समदी पोरं जगनात. तुन्हा घरनी चिंधी दे."

"पोर ऱ्हावाले?"

"हाव."

रूपलीबाईनं तिच्याकडे पाहिलं. त्या नजरेत दया असती तर सिंधुबाई तिथून निघून गेली असती. दया नव्हती. आपल्याकडून कुणाला काही हवं असू शकतं याचं नवल होतं, आणि थोडी मजाही वाटत असावी.

"मन्हा घरनं तुन्ही नातना अंगवर घालशी?"

"घालसू."

"मंग थांब."

ती आत गेली. आत आढ्याला झोळी बांधलेली होती. तिनं निजलेली पोर उचलून पोत्यावर ठेवली. पोर नागडीच होती, कुरकुरली आणि पुन्हा निजली. रूपलीबाईनं झोळीची गाठ सोडली, कापडाचा बोळा केला आणि बाहेर येऊन तो पसरलेल्या पदरात टाकला. वरून नाही टाकला. हात पदरापर्यंत आणून ठेवला.

तो ओला होता. कोमट ओला. ती ओल पदरातून सिंधुबाईच्या तळव्यांपर्यंत आली आणि तिच्या लक्षात आलं की आपण श्वास घ्यायचा थांबलो आहोत. घेतला तेव्हा मुताचा, आंबलेल्या दुधाचा, धुराचा वास एकदम छातीत गेला. तोंडाला पाणी सुटलं, उलटी येण्याआधी सुटतं तसं. देतील ते घ्यायचं, नाही म्हणायचं नाही, असं मनात म्हणत तिनं डोळे मिटून उघडले आणि बोळ्याकडे पाहिलं.

पोपटी रंग. विटून विटून गवताच्या वाळक्या पात्यासारखा झालेला, पण पोपटी. कडेला डाळिंबी काठ. आणि त्या लुगड्याच्या पदराचं एक टोक सरळ कात्रीनं कापलेलं.

सिंधुबाईच्या माहेरची रीत होती की जुनं लुगडं कुणाला द्यायचं तर पदराचं टोक कापून घरात ठेवायचं, म्हणजे घरची बरकत त्याच्यासोबत जात नाही. तिनं ती कधी मोडली नव्हती. हे लुगडं तिचंच होतं. मिथुनच्या मुंजीच्या वेळचं, शांतीलालनं शहाद्याहून आणलेलं.

पहिल्यांदा तिला हायसं वाटलं. खोटं कशाला सांगा, वाटलं. घाण झालं असलं तरी आपलंच आहे, आपल्याच अंगावरचं. तळव्यांना लागलेली ओलसुद्धा एक क्षण कमी घाण वाटली. आणि मग तिला बहिणीचं बोलणं आठवलं. आपल्या घरचं सूत नको.

"हाई नको," ती म्हणाली. "दुसरं दे."

"काब्र?"

"हाई मन्हंच शे."

रूपलीबाईनं वाकून पाहिलं. "हाव, तुन्हंच व्हतं," ती म्हणाली. मग तिनं दुसरं काही देण्यासाठी आजूबाजूला नजर टाकली आणि तिच्याबरोबर सिंधुबाईनंही टाकली. दोरीवर मिथुनचा कॉलेजातला शर्ट वाळत होता, आता कोपरापासून बाह्या नव्हत्या. मधल्या पोरीच्या अंगात कामिनीचा गाऊन, कमरेला सुतळीनं बांधलेला. पोत्यावरच्या पोरीखाली शांतीलालच्या धोतराचा फाळका. रूपलीबाईच्या अंगावर गेल्या दिवाळीचं जांभळं लुगडं होतं, आणि त्याचंही टोक कापलेलं.

"दुसरं कोनतं?" रूपलीबाईनं विचारलं. "आठे समदं तुन्हंच शे."

सगळ्या गावात पाळणा रिकामा न झालेलं हे एक घर, आणि त्या घरात त्या घरचं म्हणून एक चिंधी नव्हती. उद्या छठी. वर्तमानपत्रावर झबलं डावीकडून उघडं पडलेलं. ती पदर तसाच धरून उभी राहिली. टाकता येईना, नेता येईना.

रूपलीबाईनं पदरातला बोळा उचलला आणि झटकून पसरला.

"सहा पोरं निजनात येनावर," ती म्हणाली. "मुतनात, हगनात, ओकनात. मोठीले गोवर व्हता तवय बी हाईच व्हतं. आते बी तुन्हंच शे का?"

रागानं नाही विचारलं. तिला खरंच माहीत नसावं. अशा गोष्टीत रीत काय सांगते ते मोठ्या घरच्या बायकांना कळतं, म्हणून तिनं विचारलं आणि उत्तराची वाट पाहिली.

सिंधुबाईनं रिकामा झालेला पदर खाली सोडला नाही.

"केवढं जोयजे?" रूपलीबाई म्हणाली.

"ईतभर."

रूपलीबाईनं कापड हातात फिरवलं आणि काठाकडची बाजू निवडली. तिथं ओल पोचलेली नव्हती. डागही नव्हता, डाळिंबी काठ धुवून ठेवल्यासारखा होता आणि त्याच्या लगतचा पोपटी रंग अजून पोपटी म्हणावा असा. द्यायचं तर चांगलं द्यावं, या बाईला किळस फार, हे तिनं मनाशी धरलं होतं. तिनं तो काठ दातांत धरला आणि चीर पाडायला ओढला.

तेवढा तुकडा कामिनीलाही चालला असता. कुणी विचारलं नसतं. पाचव्या घरून आणला एवढंच सांगायचं होतं आणि ते खोटंही ठरलं नसतं. पण तो काठ अजून सिंधुबाईच्याच घरचा होता.

"काठ नको," सिंधुबाई म्हणाली.

रूपलीबाईनं दातांतलं कापड सोडलं.

"मझारलं दे. पोर निजस तठलं."

रूपलीबाईनं तिच्याकडे पाहिलं, मग कापडाकडे. तिनं ते पुन्हा पसरलं, ओला पिवळट भाग मधोमध आणला आणि तिथं नखानं भोक पाडून दोन्ही हातांनी टरकावलं. वास पुन्हा वर आला. सिंधुबाईनं तोंड फिरवलं नाही, पदर आणखी थोडा पुढे केला.